डोंगर डाव्या हाताला

मी सायकल शिकले तेव्हा चाळिशी उलटली होती. शिकवणारं कोणी नव्हतं. शेजारच्या बिल्डिंगमधली एक बाई सकाळी उजाडल्या उजाडल्या आपल्या मुलीची सायकल घेऊन आमच्या गल्लीत यायची आणि पडायची. मी दूध आणायला जाताना तिला पडताना बघायचे. एकदा जरा जोरातच पडली, म्हणून उचलायला गेले. ती उठली, गुडघा झटकला आणि म्हणाली, "नुसती बघतेस काय? मागून धर ना."

मग एक दिवस मी धरायचे, एक दिवस ती. महिनाभरात दोघींना यायला लागली.

ती पालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होती. माहेर परभणीकडचं, लग्न होऊन आधी गोवंडीला आली आणि मग मुलुंडला. सगळी बिल्डिंग तिला सिस्टर म्हणायची, मीही तेच म्हणत राहिले. नवरा, मुलगी, ड्युट्या, सगळं सांभाळून ती सायकल चालवायची. माझं काय, घरात मी आणि आई. अंधेरीला एका कुरिअर कंपनीत नोकरी. सकाळी बसने जायचं, संध्याकाळी बसने यायचं. शाळा सुटल्यापासून मला मैत्रीण अशी नव्हतीच, हे मला सिस्टर भेटल्यावर कळलं.

पुढे आम्हाला सर भेटले. चित्रकलेचे रिटायर्ड मास्तर. हायवेच्या सर्व्हिस रोडवर आमच्या बाजूने जाता जाता ओरडले, "अहो, सीट वर करा, गुडघ्यांची वाट लागेल!" थांबून त्यांनी स्वतःच सीट वर करून दिली. त्यांच्याबरोबर घाटकोपरचं एक जोडपं यायचं, दोघंही पन्नाशीचे, साड्यांचं दुकान असलेले. असे आम्ही पाच जण झालो. दर रविवारी कुठे ना कुठे. ऐरोलीच्या पुलावर, ठाण्याच्या तलावापर्यंत, कधी नुसतं विक्रोळीला मिसळ खाऊन परत.

डोंगराला फेरी मारायची हे सिस्टरच्या डोक्यातून निघालं. मुलुंड-भांडुपच्या मागे जो जंगलाचा डोंगर आहे, त्याच्याच पलीकडे बोरिवली-गोरेगाव. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो डोंगर दिसतो. जन्मभर बघितला, पण त्याला पूर्ण वळसा घालता येतो हे कधी मनात आलं नव्हतं. सरांनी नकाशा काढला. मुलुंडहून ठाणे, घोडबंदरचा रस्ता, तिथून दहिसर, बोरिवली, गोरेगाव, मग पवई आणि परत घर. सत्तरेक किलोमीटर. "सोपं आहे," सर म्हणाले. "डोंगर सतत डाव्या हाताला ठेवायचा, चुकायचं नाही."

डिसेंबरातला रविवार ठरला. आदल्या दोन दिवसांत समुद्रात कुठेतरी वादळ उठलं आणि आभाळ भरून आलं. डिसेंबरातला पाऊस म्हणजे पावसाळ्यातल्यासारखा नाही. तो बारीक, तिरका आणि गार असतो, आणि त्याला वारा जोडलेला असतो. ग्रुपवर सरांचा मेसेज आला, रद्द करूया का? सिस्टरने लगेच उत्तर टाकलं, "मी निघणार आहे. ज्याला यायचं त्याने या." इतकं तुटक ती कधी लिहायची नाही. मला जरा नवल वाटलं.

सकाळी मी बूट चढवत होते तर आई आतून म्हणाली, "ह्या पावसात खंय गो चललंस?" मी म्हटलं, फिरायला. तिने माझ्या पाठीवरच्या पिशवीत सुका टॉवेल कोंबला.

मुलुंडच्या चेकनाक्यावर पाचही जण आले. सर माकडटोपी आणि वर हेल्मेट घालून आले होते, आम्ही हसलो. ठाणं सुटेपर्यंत तसं झकास चाललं होतं. पण घोडबंदरच्या रस्त्याला लागलो आणि वारा समोरून आला. मेट्रोच्या कामाने रस्ता अर्धा खोदलेला, दोन्हीकडे पत्रे, मध्ये चिखल. ट्रक बाजूने गेला की चाकातलं पाणी तोंडापर्यंत यायचं. तोंडात वाळू करकरायची. पुढच्याचा लाल दिवा बघत आम्ही एकामागे एक चालवत होतो. सर पुढे, मग जोडपं, मग मी, सगळ्यात मागे सिस्टर.

कासारवडवलीच्या जवळ खड्ड्यावर लोखंडी पत्रा टाकलेला होता. घाटकोपरच्या भाभींची सायकल त्याच्यावरून अशी सरकली की त्या आडव्याच झाल्या. मी जेमतेम ब्रेक दाबला. मागून येणारा टेम्पोवाला थांबला म्हणून बरं. सिस्टर माझ्या आधी पोचली. भाभींचं मनगट हातात घेऊन, बोटं एकेक हलवायला लावून तिने बघितलं. "हाड मोडलेलं वाटत नाही. पण सूज येणार. घरी जाताना एक्स-रे काढून घ्या, टाळू नका." स्वतःचा रुमाल तिने तिथल्या तिथे मनगटाला बांधला. तोच टेम्पोवाला जोडप्याला सायकलींसकट घाटकोपरला सोडायला तयार झाला.

टेम्पो गेल्यावर सर म्हणाले, "बस. आता आपणही मागे फिरायचं."

सिस्टर म्हणाली, "मी नाही फिरत."

"हे बघा, पुढे घाट आहे. आज दिवस आपला नाही. पुढच्या रविवारी येऊ, डोंगर कुठे पळून जात नाही."

"डोंगर नाही पळत, सर. पण आज नाही झालं तर माझं होणार नाही."

"का होणार नाही?"

पावसाचं पाणी तिच्या नाकावरून ठिबकत होतं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मला थंडी वाजत होती, मागे फिरावं असं मनापासून वाटत होतं. पण तिला तिथे एकटीला सोडून मी घरी जाऊन चहा पितेय हे चित्र काही डोळ्यांसमोर येईना. मी म्हटलं, "मी जाते हिच्याबरोबर." सरांनी दोघींच्या टायरमधली हवा दाबून बघितली, त्यांच्याकडची जादा ट्यूब मला दिली. "दर तासाला फोन," म्हणाले. ते वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती.

गायमुखच्या पुढे चढ लागला. खाडी उजवीकडे असायला हवी होती, दिसत नव्हती. धुरकट पांढरं काहीतरी होतं तिथे. डावीकडे झाडं रस्त्यावर वाकलेली. थोडा वेळ पायडल मारलं, मग दोघी उतरलो आणि सायकली ढकलत चालू लागलो. तेव्हा ती बोलली.

"मी चाललेय यार."

"कुठे?"

"आयर्लंडला. तिथल्या हॉस्पिटलात लागले. फेब्रुवारीत जायचंय. तोवर एकही रविवार मोकळा नाही, सगळ्या ड्युट्या लागल्यात."

मला आधी वाटलं ट्रकच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं. "आणि इथली नोकरी?"

"सोडणार. मुलीला पुढे शिकायचंय. इथे राहून नाही जमणार माझ्याने. आधी मी जाते, वर्षभराने त्या दोघांना बोलावून घेते. रात्रपाळी करून इंग्रजीचा अभ्यास केला मी, तुला काय सांगू."

"आणि तू मला सांगितलंसुद्धा नाहीस. दोन वर्षं रोज भेटतोय आपण."

"होईल की नाही माहीत नव्हतं. परवा नक्की झालं. घरच्यांनंतर पहिली तुलाच सांगतेय. पावसात, घाटात, सायकल ढकलताना." ती हसायला गेली, पण हसू आलं नाही.

चढ संपला तशी सायकलवर बसले आणि उतारावर सुटले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं, त्यात बाकीचं लपून गेलं. खाली नाक्यावर मी तिच्यासाठी थांबले. ती आली, तिने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे झाली. आम्ही हायवेला लागलो.

बोरिवली येईपर्यंत माझं अंग बधिर झालं होतं. ब्रेक दाबायला बोटं वळेनात. दात असे वाजत होते की मलाच त्याचा आवाज ऐकू येत होता. सिस्टरने मागे वळून बघितलं असावं. "थांब. थांब म्हणते ना!" तिने मला एका फ्लायओव्हरखाली नेलं. तिथे चहाची टपरी होती, एक मावशी स्टोव्हच्या आडोशाला बसल्या होत्या. सिस्टरने माझं ओलं जॅकेट काढलं, आईने दिलेल्या टॉवेलने केस, मान, पाठ खसाखसा पुसली. मावशींकडून भजी बांधायची रद्दी मागितली आणि वर्तमानपत्राचे कागद घड्या घालून माझ्या टीशर्टच्या आत, छातीवर आणि पोटावर सरकवले.

"हे काय गं?"

"वारा अडतो. गप बस."

मावशी म्हणाल्या, "बहिणी काय गं तुम्ही?"

सिस्टर माझे तळवे आपल्या तळव्यांत घासत होती. ती म्हणाली, "हो, मी मोठी." ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मी तिला खोडून काढलं नाही.

आलं ठेचून घातलेला चहा दोनदा प्यायलो. मग मी तिला विचारलं, "तिथे तुला कोण असणार?"

"कोणी नाही. केरळच्या मुली असतात म्हणे, नर्स. त्यांच्याबरोबर राहायचं." ती ग्लासात बघत राहिली. "मला भीती वाटते यार. नवऱ्याला नाही सांगितलं हे. त्याला सांगितलं तर तो म्हणेल नको जाऊ. मग मी खरंच नाही जाणार."

मला तेव्हा म्हणावंसं वाटलं, नको जाऊ. अगदी ओठांवर आलं. पण तिचं ते रात्रपाळीतून येऊन सुजलेल्या डोळ्यांनी बसणं मी बघितलं होतं, आणि आता त्याचं कारण कळलं होतं. मी म्हटलं, "तू मला चाळिशीत सायकल शिकवलीस. तुला कसली भीती?"

"शिकवली कुठे, नुसती धरली."

"तेच."

तिथून पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. कांदिवली, मालाड, हायवेचं करडं पाणी. माझ्या छातीवर कागद चुरचुरत होते. जोगेश्वरीहून आत वळलो तेव्हा वारा पाठीशी आला आणि सायकली आपोआप पळायला लागल्या. ही माझी रोजची बसवाट, पण बसमधून ती अशी कधी दिसली नव्हती. आरेच्या झाडांचा ओला वास रस्त्यापर्यंत येत होता. सिस्टर माझ्या बाजूने चालवत काहीबाही बोलत होती. मुलगी किती हट्टी आहे, परभणीला हिवाळ्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा कसा लागतो, असलं काहीही.

पवईला पाऊस थांबला. तलावाच्या कठड्याशी आम्ही उभ्या राहिलो. पाणी एकदम शिशासारखं. पलीकडे तोच डोंगर, आता दुसऱ्या बाजूने. खरं तर तिथून घर जवळ. उतार लागतो, अर्ध्या तासात मुलुंड. पण दोघींपैकी कोणीच निघूया म्हणेना.

भांडुप आलं तेव्हा माझा वेग इतका कमी झाला होता की सायकल डुगडुगायला लागली. तीही माझ्याइतकीच हळू. शेवटी ती उतरली, मग मीही. धडधाकट सायकली हातात धरून आम्ही एलबीएस रोडच्या कडेने चालत निघालो, पायातले बूट पचपच वाजवत. एका सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, "पंक्चर झाली का?"

"हो," सिस्टर म्हणाली.

"दोन्ही?"

"दोन्ही."

आम्ही पुढे जाऊन इतक्या हसलो की मला कठड्याला टेकावं लागलं. तिच्या गेटपाशी तिने सायकल भिंतीला लावली आणि मला मिठी मारली. माझ्या आतले कागद लगदा होऊन दोघींच्या मध्ये चेपले गेले. "झाली फेरी," ती म्हणाली.

घरी आई म्हणाली, "आधी आंग पूस, मगे बोल." तिने कुळथाची पिठी केली होती. मी दोन वाट्या प्यायले आणि संध्याकाळपर्यंत झोपले. सरांना फोन करायचा राहिला म्हणून तेच घरी येऊन आईला विचारून गेले. भाभींच्या मनगटाला नुसता मुका मार होता, पंधरा दिवसांत बरा झाला.

सिस्टर फेब्रुवारीत गेली. एअरपोर्टवर तिची मुलगी रडली, नवरा रडला, ती रडली नाही. मला म्हणाली, "रविवार सोडू नकोस." मी सोडत नाही. सर आता गुडघ्यांमुळे येत नाहीत, जोडपं आपलं दुकान सुरतेला हलवून तिकडेच गेलं. मी कधी एकटी जाते, कधी ऑफिसमधली एक मुलगी येते. गेल्या वर्षी कोरड्या, छान थंडीत त्या मुलीला घेऊन मी डोंगराला पुन्हा फेरी मारली. कुठेच थांबावं लागलं नाही. ती मुलगी म्हणाली, एवढं काय कठीण नव्हतं. खरंच नव्हतं. घरी आले आणि मला कसंसंच झालं, दिवसभर कुठे मन लागेना.

सिस्टरचं तिथे चांगलं चाललंय. मुलगी आणि नवरा पोचले. तिने सायकल घेतली आहे, तिथे म्हणे रोजच तसा पाऊस असतो आणि कोणी त्याच्यामुळे घरी बसत नाही. तिचा फोन तिच्या सुट्टीच्या वेळेनुसार येतो. परवा आला तेव्हा मी भांडुपच्या सिग्नलला उभी होते. तिने विचारलं, "कुठेयस?" मी सांगितलं. मग मी फोन हातात उंच धरला. रिक्षांचे हॉर्न, बसचा ब्रेक, केळेवाल्याची हाक, कुणीतरी कुणाला दिलेली शिवी. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले. मी फोन कानाला लावून म्हटलं, "ठेवते गं आता, हिरवा झाला."

"थांब," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ धर."

मी सायकल कडेला घेतली आणि फोन पुन्हा वर धरला.