श्रावणात वाचलेला इतिहास

इतिहासाचं चांगलं पुस्तक कोणतं हे मला कळतं, असं मी तेव्हाही ठणकावून सांगायचे आणि आजही सांगते. राजे किती, लढाया किती, याची यादी मला नको. विहीर कुणी खणली, बाजार कुठं भरायचा, पाऊस हुकला तेव्हा माणसं काय खाऊन राहिली, हे सांगणारं पुस्तक वाचावं. बाकीची कपाटात शोभतात.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी पारनेरजवळच्या एका गावात शिक्षिका होते. वावटळीत शाळेचे पत्रे उडाले, तेव्हा पाटलांनी आपणहून ओसरी मोकळी करून दिली आणि चाळीस पोरं तिथं बसू लागली. त्या वर्षी पावसाने डोळे वटारले होते. माणसं दिवसभर सरकारी कामावर खडी फोडत आणि दिवेलागणीला देवळात पोथी ऐकायला जमत. पण पोथी वाचणाऱ्या बुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बाईमाणसाने वाचावं का, यावर गावात दोन दिवस खल झाला आणि अखेर मला बोलावणं आलं.

मी म्हटलं, वाचीन, पण पुस्तक माझ्या पसंतीचं. तालुक्याच्या वाचनालयातून मी जिल्ह्याच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ आणला. गावाने त्याला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. मला हसू आलं. मग बुवांनी पोथीचे नियम सांगितले: ग्रंथ श्रावणातच संपवायचा, आणि एकही पान गाळायचं नाही, नाहीतर वाचन खंडित होतं. मी मोठ्या तोऱ्यात उत्तर दिलं की इतिहासात गाळण्यासारखं काही नसतंच.

लोक असे रमले की विचारू नका. कुठल्या ओढ्यावर जुना बांध होता हे वाचलं, की दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो बघून येई. मीही खुशीत होते. मग एका दुपारी पुढची पानं चाळताना आमच्याच गावाचं नाव दिसलं. जुन्या एका दुष्काळात गावच्या पाटलाने धान्याची पेवं मातीने लिंपून लपवली आणि लोक परागंदा झाले, असं त्यात सरळ लिहिलं होतं. आमचे पाटील त्याच घराण्यातले, आणि रोज पहिल्या ओळीत बसायचे. ते रागावले तर पोरांना कुठं बसवू? मी घाबरले. इतिहासाच्या गप्पा मारणारी मी, त्या एका पानापुढे माझं अवसान गळालं.

संध्याकाळी वाचताना त्या पानाशी आल्यावर मी दोन पानं एकत्र धरून उलटली आणि पुढचं वाचू लागले. आवाजही हलू दिला नाही.

बुवांनी हात वर केला. "बाई, दोन पानं एकदम गेली."

चाळीस वर्षं सुट्या पानांची पोथी वाचलेला माणूस. त्यांना एका पानाचा आवाज आणि दोन पानांचा आवाज वेगळा कळत होता. पानं चिकटली होती, असं मी पुटपुटले आणि मागे गेले. वाचण्यावाचून इलाज नव्हता. वाचलं. पाटील खाली बघत होते.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "आमच्या घरात हे समद्यांना ठावं हाय. पन बाई, पानं चिकटली न्हवती. ओसरी दिली म्हनून तुमी गाळलं, व्हय ना? मंग आजपत्तुर जे वाचलं, त्यातलं खरं किती धरायचं आमी?"

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

ते उठले, ग्रंथाला नेहमीसारखे हात जोडले आणि बुवांकडे वळले. "बुवा, उद्यापास्नं बाईंच्या शेजारी बसत जा."

ओसरीबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही, शाळा तिथंच भरत राहिली. पण श्रावण संपेपर्यंत ते आंधळे बुवा माझ्या उजव्या हाताला कान देऊन बसले, आणि प्रत्येक पान उलटल्यावर, ते एकच आहे याची खात्री झाली की मान हलवून मला पुढं वाचायला परवानगी देत राहिले.