गुरुजींचे ढग

आमच्या ह्यांना पंचवटीत सगळे गंगाधर गुरुजी म्हणतात. रामकुंडावर क्रियाकर्मासाठी आलेल्या माणसाचा नुसता चेहरा बघून हे विचारायचे, "सायखेड्याच्या धोंडीरामांचे नातू का तुम्ही?" आणि घराण्यांच्या नोंदींची वही उघडून त्याच्या पणजोबांची सही दाखवायचे. माणूस थक्क व्हायचा. मी घरी म्हणायचे, "जगाचे पणजोबा पाठ आहेत, माझा वाढदिवस तेवढा आठवत नाही."

ही विद्या सासऱ्यांची. ह्यांना लहानपणी घाटाच्या पायरीवर बसवून ते ढग दाखवायचे. "कोण दिसतंय?" हत्ती-घोडे चालायचे नाहीत, माणूसच सांगायचा. नाक कोणाचं, हनुवटी कोणाची, सगळं. सासरे म्हणत, चेहरे आधी आपल्या मनात असतात, ढग नुसतं निमित्त. लग्नानंतर ह्यांनी मलाही शिकवायला घेतलं होतं. मला सगळीकडे भजीच दिसायची.

दोन वर्षांपूर्वी हे विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग गल्ली, मग आमची एकुलती एक आभा. शेवटी मी. "बाई, तुम्ही घरी कधी जाणार?" असं रोज संध्याकाळी विचारतात. एकदा मी पातेलं आपटून ओरडले, "हेच माझं घर आहे!" तर घाबरून कोपऱ्यात जाऊन बसले. मग मीच त्यांच्याशेजारी बसून रडले.

पितृपक्षातच एक दिवस हे घरातून निघून गेले. देवळाली कॅम्पच्या स्टँडवर सापडले. आभा म्हणाली, "आई, आता त्यांना विस्मरणाच्या रुग्णांच्या केंद्रात ठेवू. तू कोण हेसुद्धा त्यांना कळत नाही." मी तिच्या हातापाया पडले. शेवटी म्हणाली, "सोमवारी गाडी येईल. तोवर एकदा जरी बाबांनी तुला ओळखलं, तर मी विषय काढणार नाही."

हातात चार दिवस होते. आणि ढग. कारण ढगातली माणसं ह्यांना अजून ओळखू येत होती. दुपारी गच्चीत खुर्ची टाकली की सुरू, "हे निफाडचे. हे त्यांचे धाकटे काका." मी वेड्यासारखी दिसेल त्या ढगाकडे बोट करून विचारायचे, "आणि ही बाई कोण?" लग्नातला शालू नेसले, नथ घातली, सत्तरीत! ह्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, "कोणाचं लग्न?"

रविवारी अविधवा नवमी होती. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध ह्या दिवशी करतात. ह्यांनी जन्मभर ते लोकांकडून करवून घेतलं. चारच्या सुमारास म्हसरूळच्या बाजूने एक पांढरा ढग आला आणि हे खुर्चीतून उठले.

"ही लतिका. आमची लतिका."

मी दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा माझ्याकडे वळवला. "अहो, इकडे बघा. मीच लतिका!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, परक्या बाईकडे बघावं तसं, भिडस्तपणे. मग पुन्हा वर. ढग विरला होता.

"गेली," ते म्हणाले. "सवाष्ण गेली." डोळे पुसून माझ्याकडे वळले. "बाई, जरा पाणी आणि तीळ आणता?"

आणले. दुसरं काय करणार? त्यांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, दक्षिणेकडे तोंड केलं. पाणी मीच ओतलं त्यांच्या हातावर. मंत्रात कुठे म्हणून अडखळले नाहीत. ज्या नावासाठी मी इतके दिवस तडफडत होते, ते त्यांनी खणखणीत घेतलं.

मग मला म्हणाले, "बसा ना. ती असती तर तुम्हाला चहा केला असता."

मी चहा टाकला. तेवढ्यात आभाचा फोन आला. "आई, ओळखलं का गं?"

"नाव घेतलं माझं," मी म्हटलं. "गोत्रासकट."

आभा गुरुजींच्या घरात वाढलेली आहे. माणसाचं नाव गोत्रासकट कधी घेतात, हे तिला सांगावं लागत नाही. मग एवढंच म्हणाली, "गाडीला नको म्हणून कळवते."