काकांचा मोबाइल खराब नव्हता

दोस्तांनो, ग्रुपात बरेच जण रेकॉर्डिंगवाले आहेत, म्हणून इथंच सांगतो.

सकाळी भोकरहून गंगारामकाका आले होते. त्यांच्या भजनी मंडळाचं गाणं मी नांदेडच्या माझ्या स्टुडिओत मिक्स करून दिलं होतं. म्हणाले, "गाणं लई चांगलं झालंय, पण टाळ कानात सुईवानी टोचून राहिलेत."

मी हसलो. "काका, तुमचा मोबाइल खराब हाय."

"आसंल बाबा," म्हणून ते निघून गेले.

पण ते मनातून जाईना. मला तर टाळ कमीच वाटत होते, म्हणून मीच वाढवले होते. दुपारी कान तपासायला कॉम्प्युटरवर शिट्टीसारखा एक सूर लावला आणि हळूहळू वरच्या पट्टीत, बारीक बारीक करत नेला. एका जागी सूर बंद पडला. वाटलं, स्पीकर गेला.

मागं वळून पाहिलं तर बायको दारात उभी. चहाचा कप खाली ठेवलेला, दोन्ही कानांवर हात. "अहो, बंद करा ना ते."

सूर चालूच होता. मलाच तो ऐकू येत नव्हता.

अठरा वर्षं ह्याच कानांवर घर चाललं. आता संध्याकाळपासून माझी जुनी गाणी लावून बसलोय. सगळी बरोबर वाटतात, त्याचंच भ्या वाटून राहिलंय.

काकांना फोन करायचाय. तुमचा मोबाइल चांगला हाय, इथपर्यंत जमेल. त्याच्या पुढचं वाक्य तुम्ही कसं बोलला असता?