नानांच्या अँटेनेतला दोष

हे मी मेधालाही सांगितलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोपासून लपवण्यासारखं माणसाकडे उरतं तरी काय? केलरमध्ये, म्हणजे तळघरात, मी चॉकलेटं कुठे ठेवतो, तेसुद्धा तिला ठाऊक आहे. पण हे राहिलं. सांगायचं सांगायचं म्हणत राहिलं, आणि मग ज्यांना सांगायचं तेच उरले नाहीत.

नाना म्हणजे मेधाचे वडील, माझे सासरे. मिरजेला असायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि हॅम रेडिओचं जबरदस्त वेड. गच्चीवर त्यांनी स्वतः मापून कापलेल्या तारेची अँटेना होती. ती एकाच लहरपट्टीसाठी बांधलेली, आणि दर रविवारी संध्याकाळी त्या पट्टीवर त्यांच्या मित्रांचा अड्डा जमायचा. घरात कुणालाच या छंदात रस नव्हता. सासूबाई त्या यंत्राला सवत म्हणायच्या. मग नानांच्या हाती लागला मी.

इथे जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला आल्यावर मी रेडिओवर बोलायचा लहान परवाना काढला. खरं सांगू? सासऱ्यांवर छाप पाडायला. पण त्या परवान्यात नानांची पट्टी बसत नव्हती, तिला मोठा परवाना हवा. आता इथली एक चांगली गोष्ट अशी की एकदा पास झालेले पेपर धरले जातात. नियमांचा पेपर, बोलण्याच्या पद्धतीचा पेपर — सगळं आधीच खात्यात जमा. राहिला होता फक्त तंत्राचा वरचा पेपर. हे मी नानांना अशा थाटात सांगितलं, की जणू ही सवलत माझ्याच कर्तबगारीवर मिळाली होती. “एकच पेपर, नाना. बाकी सगळं धरलंय.”

त्या एका पेपरात मी नापास झालो.

निकाल तिथल्या तिथेच कळतो. तपासणाऱ्या बाईंनी फार सौजन्याने सांगितलं, पुन्हा या, एवढाच द्यायचाय. बाहेर जिन्यावर आलो तर नानांचा फोन. “काय जावईबापू, झालं का?”

मी म्हणालो, “झालं.”

एक शब्द. पुढच्या खेपेला पास होऊ, मग खोटं आपोआप खरं होईल, असा माझा हिशेब होता. पण संध्याकाळपर्यंत नानांनी अख्ख्या अड्ड्याला पेढे वाटले होते. आणि पुढची खेप? ऑफिस, प्रवास, आमच्या मुलीची, ईराची, शाळा — कारणं मला कधी कमी पडली नाहीत. खरं कारण एकच. दुसऱ्यांदा नापास झालो तर?

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. हीच असती तर बरं झालं असतं.

नाना रविवारी रेडिओवरून मला हाक मारू लागले. मोठा परवाना नसला तरी ऐकायला कुणाची बंदी नाही. मी डाखबोडेनवर, म्हणजे माळ्यावर, रेडिओ लावून बसायचो. खरखरीतून अचानक नानांचा आवाज यायचा, फाइव्ह-नाइन. आमच्या भाषेत फाइव्ह-नाइन म्हणजे समोर बसून बोलल्यासारखा. माझं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची माझी ओळख, सावकाश, अक्षर अक्षर सोडवून. मग घाईघाईने मराठीत, “जावईबापू, ऐकताय ना? ओव्हर.” आणि थांबायचे.

माझ्या हातात माईक असायचा. बटण दाबलं असतं तर? पण कायदा मोडायची हिंमत माझ्यात नाही. हिंमत होती ती फक्त म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलण्याची. तेवढं थांबणं संपेपर्यंत मी बसून राहायचो. मग नाना पुन्हा हाक मारायचे.

नंतर फोनवर मी सांगायचो, नाही आलं काही. सूर्यावर डाग कमी आहेत म्हणून लहरी पोचत नाहीत, इमारतीत अडथळा आहे, हाउसफरवाल्टुंग, म्हणजे इमारतीचं व्यवस्थापन, मोठी तार लावू देत नाही — जर्मनीवर काहीही ढकललं की खपतं. नाना ऐकून घ्यायचे. एका रविवारी मात्र म्हणाले, “माझ्याच अँटेनेत दोष असणार हो. वयाने हात थरथरतो. सांधे नीट बसले नसतील.”

मी म्हणालो, “असेल, नाना.”

हे आहे ते. परीक्षा नव्हे, “झालं” नव्हे. हे “असेल”.

त्यांनी तार उतरवली, सांधे नव्याने डाख देऊन जोडले, केबल बदलली. सासूबाई फोनवर ओरडायच्या, अहो त्यांना सांगा, या वयात गच्चीवर चढू नका. मी सांगायचो. काळजीने सांगायचो. पुढच्या रविवारी पुन्हा हाक, पुन्हा फाइव्ह-नाइन, पुन्हा मी — नाही आलं, नाना.

मित्र त्यांना सांगत होते की तुमचा आवाज उत्तम येतोय. नानांनी विश्वास ठेवला तो माझ्यावर. जर्मनीतला जावई, मोठ्या परवान्याचा, कशाला खोटं बोलेल? हळूहळू त्यांनी बोलणं सोडलं. मग यंत्र एका कॉलेजला देऊन टाकलं. सासूबाईंनी त्या जागी शिवणाचं मशीन ठेवलं.

नाना गेले तेव्हा आम्ही मिरजेला गेलो. तेराव्यानंतर मेधा गच्चीवर उभी होती, अँटेनेच्या रिकाम्या खांबापाशी. म्हणाली, “मला म्हणाले होते, आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडल्या, पण स्वतःच्या जावयापर्यंत काही पोचता आलं नाही.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हे मला छान जमतं.

यंदा मी तो पेपर दिला. पास झालो. आधीचे सगळे इथे अजून धरलेले होते, माझ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. आता रविवारी दुपारी ती पट्टी लावतो. नानांच्या अड्ड्यातले मिरजेचे एक काका कधी कधी असतात. मला म्हणाले, नानांचे जावई ना तुम्ही? फार वाट पाहिली हो त्यांनी. शेवटी अँटेनेनंच दगा दिला बिचाऱ्यांना.

माईक हातात होता, परवानाही होता. मी म्हणालो, “हो.”

नानांच्या अँटेनेत काहीही दोष नव्हता. नाना दर रविवारी फाइव्ह-नाइन येत होते.