दोन्ही बाजू वाजल्याशिवाय सेट मिळणार नाही

दुरुस्तीच्या दुकानात भंगार साठतं, तसे किस्सेही साठतात. भंगार दिवाळीच्या आधी भंगारवाल्याला देऊन टाकता येतं. किस्से कोण नेणार? ते माझ्याकडेच राहिले आणि चार माणसं बसली की बाहेर पडतात. आज तुम्ही सापडलात.

जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात माझं दुकान होतं. रेडिओ, टेप, रेकॉर्ड प्लेअर. ऐंशी सालानंतरचा काळ. अख्ख्या जळगावात माझ्यासारखा कान कुणाला नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. बरं, मीही म्हणायचो. माझ्या हाताखालून गेलेला सेट महिन्याच्या आत परत आला तर मिशी काढीन, अशी माझी पैज होती. मिशी अजून आहे, बघून घ्या.

दुकानात एकच पाटी होती: ‘दोन्ही बाजू वाजल्याशिवाय सेट मिळणार नाही.’ म्हणजे दुरुस्त झालेल्या मशीनवर एक अख्खी रेकॉर्ड, पुढची बाजू आणि मागची बाजू, माझ्यासमोर वाजणार. पाच मिनिटं वाजवून सेट गळ्यात मारणाऱ्यातला मी नाही. रेकॉर्ड गिऱ्हाइकानेच आणायची, आणि अर्थातच प्रत्येक जण आपल्याकडची सगळ्यात भारी आणायचा. त्यामुळे जगातले नावाजलेले अल्बम पिंप्राळ्यात येऊन वाजून गेलेत.

ऐकायला कायमचे दोघं. एक सुपडूनाना. मुक्ताईनगरकडचे केळीवाले. शेती धाकट्या मुलाच्या हवाली करून थोरल्याकडे पिंप्राळ्यात राहायला आले होते. संगीताशी संबंध शून्य. दुपारी घरात करमत नाही म्हणून माझ्या खुर्चीत बसायचे आणि कंटाळा आला की टोपी उचलून चालू लागायचे. एक बाजूसुद्धा त्यांनी कधी पुरती ऐकली नाही.

दुसरा रऊफ. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. वडिलांनी त्याला राग शिकवले होते, पण वरातीत राग कोण मागतो? थोरल्या भावाचं पत्र्याच्या पेट्या बनवायचं दुकान होतं आणि भाऊ रोज मागे लागायचा, बाजा ठेव आणि पेट्या ठोकायला बस. एकदा रऊफ मला म्हणाला, "मिस्तरी, बीस साल हो गए. लोग नाचे, लोगों ने फेटे उडाए, सुना किसी ने नहीं. एक आदमी बिना उठे पूरा सुन ले, तो मैं बाजा नहीं छोडूंगा. नहीं तो ये सीझन खतम, और मैं भाई की दुकान में."

असं म्हणताना तो नानांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. मी म्हटलं, अरे बाबा, माणूस निवडायचा तर जरा सोपा निवड. पण त्याचं ठरलं होतं. नानांना फसवता येत नाही, हे त्यालाही कळलं होतं. कसं ते सांगतो.

* * *

एका इंजिनिअर साहेबांचा सेट होता. साहेबांनी परदेशातून आणलेला एका विलायती बँडचा अल्बम सोबत आणला. कव्हर असं धरून आले होते की मला हात पुसून घ्यावे लागले.

रेकॉर्ड लावली. आधी वारा. मग दार करकरल्याचा आवाज. मग कुणीतरी लांबवर खोकतंय. मग पुन्हा वारा. तीन-चार मिनिटं झाली, साहेब डोळे मिटून बसलेले.

नाना माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मिस्तरी, अजून दुरुस्त नाही झालं वाटते."

साहेबांनी डोळे उघडले. "नाना, हा जगातल्या सर्वात गाजलेल्या अल्बमपैकी एक आहे. सगळं जग ऐकतं हा."

"असंन बॉ," नाना टोपी उचलत म्हणाले. "पण मंग जगाचंच मशीन बिघडेल असंन."

साहेब सेट घेऊन गेले. जाताना मला मात्र बाजूला घेऊन विचारलं की खरंच काही बिघाड नाही ना.

* * *

मग एक प्राध्यापक आले. त्यांच्याकडे शास्त्रीय गाण्याची रेकॉर्ड होती, एका थोर बाईंची. एका बाजूला एकच राग. विलंबित ख्याल म्हणजे सुरुवातीला गाणं अगदी सावकाश चालतं, हे तुम्हाला माहीत असेल. नानांना माहीत नव्हतं.

दहा मिनिटं नाना मान लांब करून ऐकत होते. मग प्राध्यापकांना म्हणाले, "सर, ही बाई दारापर्यंत येते आन् वापस जाते. आत काऊन येत नाही?"

प्राध्यापकांना राग आला. त्यांनी षड्जाबद्दल बरंच काही सांगितलं. नाना "हो का" म्हणाले आणि घरी चहा प्यायला गेले. पंधरा मिनिटांनी परत आले, पायरीवरूनच विचारलं, "आली का आत?"

नेमकं त्याच क्षणी बाईंनी वरचा सा लावला होता. प्राध्यापक हसत सुटले. मला नंतर म्हणाले, मी वर्गात चाळीस मिनिटं जे शिकवतो ते यांनी एका वाक्यात उरकलं.

* * *

हा पुढचा माझ्यावरचाच आहे. सांगायला लाज नाही, कारण मशीन मी दुरुस्त बरोबरच केलं होतं.

एका डॉक्टरांचा प्लेअर होता. त्यांनी आणलेली रेकॉर्ड अमेरिकेतल्या एका ट्रम्पेटवाल्याची. जॅझमध्ये याच्यावर काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी लावली. पण मशीन साफ करताना स्पीडचा खटका पंचेचाळीसवर सरकला होता आणि रेकॉर्ड तेहतीसची. म्हणजे सगळं सव्वापटीहून जास्त वेगात. माझ्या ध्यानात आलं नाही. डॉक्टरांच्याही आलं नाही. ते मांडीवर ताल धरून "काय तयारी आहे!" म्हणत होते. मीही मान डोलवत होतो. रऊफ तेवढा मांडीवर बोटांनी ते सूर धरू बघत होता आणि त्याची बोटं अडखळत होती.

नाना म्हणाले, "याले कोनची येष्टी पकडायची हाये?"

मी ठासून सांगितलं, "नाना, जॅझ असंच असतं."

बाजू संपली. दुसरी लावताना खटका दिसला. मी कुणाला न सांगता तेहतीसवर केला. ट्रम्पेट एकदम शांत, सुस्त, लांब श्वासांचं वाजायला लागलं. डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघतायत, मी छताकडे बघतोय.

पहिली बाजू अर्धी टाकून चक्कर मारायला गेलेले नाना तेवढ्यात परत आले आणि विडी पेटवून म्हणाले, "गेली वाटते गाडी."

* * *

धुळ्याचा एक किस्सा यात बसवलाच पाहिजे. तिथल्या एका बंगल्यावर मी स्टिरिओ बघायला गेलो होतो. दादा आणि अक्का, दोघंही साठीचे. पुतण्याने विलायतेहून स्टिरिओ आणि एक गाजलेला अल्बम आणून दिला होता. तक्रार अशी की नवरा-बायकोचं त्या अल्बमवरून चार वर्षं भांडण चालू आहे.

दादा अहिराणीत म्हणाले, "मिस्तरी, यामा गानं नहीच. बठ्ठा ढोलच शे."

आतून अक्का ओरडल्या, "ढोल कोठे शे? माले ते नुसतं गानंच ऐकू येस!"

मी वायर धरून चालत गेलो. पुतण्याने जोडणी करताना एक स्पीकर दिवाणखान्यात ठेवला होता आणि दुसरा स्वयंपाकघरात, म्हणजे काकूलाही ऐकू येईल. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये ढोल-ताशे एका स्पीकरमधून आणि गाणारा दुसऱ्यातून, असं असायचं. म्हणजे चार वर्षं दादांनी नुसता ढोल ऐकला आणि अक्कांनी नुसतं गाणं.

मी दोन्ही स्पीकर एका खोलीत आणले, दोघांना शेजारी बसवलं आणि मोठ्या ऐटीत रेकॉर्ड लावली. दादा खूश झाले. अक्कांनी एक गाणं ऐकलं आणि उठल्या.

"आते तुमना ढोलमा मनं गानं दबाई गये," असं म्हणून त्यांनी स्पीकर पुन्हा स्वयंपाकघरात लावायला सांगितला. लावला. काय करणार?

* * *

रऊफचीही एक प्रतिक्रिया सांगतो. पाश्चात्त्य सिम्फनी लागली होती, कव्हरवर सगळ्या वाद्यवृंदाचा आणि समोर बसलेल्या श्रोत्यांचा फोटो. त्याने बोट ठेवून मोजायला सुरुवात केली आणि साठ-सत्तरवर सोडून दिलं. "मिस्तरी, इतने लोग बजा रहे हैं, और सामने नाचनेवाला एक नहीं. सब बैठ के सुन रहे." हे तो हसत म्हणाला खरा, पण नंतर ते कव्हर त्याच्या हातातून सुटेना. मला वाईट वाटलं. मी त्याच दिवशी ठरवलं की याची कॅसेट मी स्वतः भरणार.

* * *

भरली. एका शुक्रवारी नमाजानंतर तो आला, मी शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला आणि साठची कॅसेट दोन्ही बाजूंनी भरली. वडिलांनी शिकवलेला राग, फक्त क्लॅरोनेट. मी कौतुक सहसा करत नाही. पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला, हे खरं सांगतो.

लग्नांचा सीझन संपत आला होता. भावाने दुकानात रऊफसाठी बैठक तयारही केली होती. सोमवारी दुपारी नाना येऊन बसले. रऊफने मला खुणेने सांगितलं, नाव सांगायचं नाही. त्याच्या पायाशी क्लॅरोनेटची पेटी होती, तिथूनच तो भावाकडे ती ठेवायला जाणार होता. मी टेपचं बटण दाबलं.

पाच मिनिटं झाली. नानांनी विडी काढली, पेटवली नाही. दहा मिनिटं झाली. नाना काही बोलेनात. रऊफ जमिनीकडे बघत होता, मी नानांकडे. बाराव्या-तेराव्या मिनिटाला, सूर वर चढत असताना, लाइट गेली.

टेप घरघरत थांबला. नाना थोडा वेळ बसले, मग उठले आणि टोपी उचलली. एक चप्पल पायात घातली. रऊफचा चेहरा मला बघवेना. त्यात नानांचा तरी काय दोष? लाइट कधी येईल याचा भरवसा नव्हता.

रऊफने पेटी उघडली. तुकडे जोडले, जीभ लावून तोंडाकडची वेताची पाती ओली केली आणि टेप जिथे थांबला होता नेमका तोच सूर धरून पुढे वाजवायला लागला.

नाना दारातच वळले. एका पायात चप्पल, हातात टोपी. तसेच पायरीवर बसले. रऊफने डोळे मिटले होते, त्याला काही दिसत नव्हतं. रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्याने रिक्षा बंद केली. समोरचा किराणावाला हातात सुतळी धरून उभा राहिला. किती वेळ गेला मी मोजला नाही, घड्याळाकडे बघायची हिंमतच नव्हती.

आणि लाइट आली. पंखा फिरला, बल्ब लागला, टेपचं बटण दाबलेलंच होतं, त्यामुळे कॅसेटही चालू झाली. एकीकडे कॅसेटमधला रऊफ, एकीकडे समोरचा. तो बिचकला, पण थांबला नाही.

नानांनी पायरीवरून न उठता माझ्याकडे असं बघितलं की उभ्या आयुष्यात कुणी तसं बघितलं नसेल.

"मिस्तरी, बंद कर ना ते! इथी माणूस वाजवू राह्यला, दिसत नाही का तुले?"