काकीचा हंडा

ओल्या फळीचा वास आला की घाटकोपरच्या आमच्या चाळीसमोर उभा असायचा तो बाबांचा ट्रक आठवतो. नौदलातून सुटल्यावर ते ट्रक चालवायचे आणि जहाजाचा डेक घासावा तसा रोज सकाळी त्याचा लाकडी हौदा घासायचे. शेजारची मालवणी काकी ओरडायची, "आमका पिऊक पाणी नाय, आणि ह्यो ट्रकाक आंघोळ घालता!" बाबा हसायचे, "वहिनी, डेक घाण दिसला तर कॅप्टन रागावतो." बाबा गेले, तेव्हा त्यांना त्याच ट्रकातून न्यायचं ठरलं. मी खाली आले, तर काकी आपल्या वाट्याचा हंडा ओतून फळ्या घासत होती. "बाजूक हो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "घाण दिसली तर रागावतलो तो." आता माझ्या नळाला दिवसभर पाणी असतं, त्या एका हंड्याएवढं मात्र पुन्हा कुणी दिलं नाही.