जाळी धुण्याचा दिवस

उन्हाळ्याच्या तोंडाशी एसीची जाळी काढून धुण्याचं काम माझ्या यजमानांचं. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून स्टुलावर मी चढले. ते पलंगाच्या कडेला बसून स्टूल घट्ट धरून होते.

“डावीकडून आधी सोडव,” ते म्हणाले. मग हळूच पुटपुटले, “मी आपला नुसता बसून.”

“तुम्ही धरलंय म्हणून तर मी वर उभी आहे,” मी म्हटलं.

नळाखाली जाळीतली राखाडी धूळ वाहून गेली आणि पलीकडचा उजेड स्वच्छ दिसू लागला. संसारात कधी एकानं चढायचं, कधी दुसऱ्यानं. खालून धरणारे हात मात्र लागतातच.

वाळलेली जाळी बसवून मी एसी लावला. गार झुळूक येताच त्यांनी चादर माझ्याही पायांवर ओढली.